साथीच्या काळातील वेळीच झालेल्या निदानाचे मोल : वऱ्हाडच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
साथरोगांच्या इतिहासात मृतांच्या संख्येची चर्चा पुष्कळ होते. रोग नेमका केव्हा ओळखला गेला, हा प्रश्न मात्र तुलनेने मागे राहतो. प्रस्तुत लेखात अमरावती व अकोला या जिल्ह्यांच्या अनुभवाच्या आधारे निदानाची वेळ आणि साथीची वाटचाल यांतील संबंध तपासला आहे.

पूर्वपीठिका :
सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. अधिकाऱ्यांनी प्रारंभी ते मान्य करण्यास टाळाटाळ केली. साथरोग कायदा आला तो फेब्रुवारी १८९७ मध्ये, आणि तोवर रोग मुंबईबाहेर पोहोचला होता. १९१८ च्या इन्फ्ल्युएन्झाची सर्वाधिक झळ बसलेल्या प्रांतांत मध्यप्रांत व वऱ्हाडचा समावेश होता. त्या रोगाचा विषाणू मानवी नमुन्यातून वेगळा करता आला तो १९३३ मध्ये. म्हणजे १८९६ मध्ये निदान असूनही त्यावर विश्वास नव्हता, तर १९१८ मध्ये निदानाचे साधनच नव्हते.

कोविड-१९ आणि वऱ्हाड :
एप्रिल २०२० मध्ये अमरावतीतील पहिल्या कोविड रुग्णाचे निदान त्याच्या मृत्यूनंतर झाले. त्या वेळी नमुने तपासणीसाठी नागपूरला पाठवावे लागत. पुढे अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात प्रयोगशाळा सुरू झाल्या. विद्यापीठाची प्रयोगशाळा साथीच्या कामी येते, ही बाब आपणा अध्यापकांसाठी विशेष महत्त्वाची आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये देशात साथ ओसरल्याची भावना असताना अमरावतीत रुग्णसंख्या वेगाने वाढली. २२ फेब्रुवारीपासून अमरावती व अचलपूर येथे टाळेबंदी लागू झाली. अकोला जिल्ह्यातही कडक निर्बंध आले. रुग्णवाढ स्थानिक पातळीवर वेळीच लक्षात आली होती. विषाणूतील बदलाची वार्ता मात्र मागाहून आली. महाराष्ट्रातील नमुन्यांत ई४८४क्यू व एल४५२आर ही उत्परिवर्तने वाढल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २४ मार्च रोजी जाहीर केले. ज्या बी.१.६१७ वंशाशी ही उत्परिवर्तने निगडित होती, त्याच्याच एका शाखेला ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ‘डेल्टा’ हे नाव दिले. तोपर्यंत दुसरी लाट देशभर पसरली होती.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, वेळीच निदान ही एक कृती नसून रुग्ण ओळखणे, रोगातील बदल ओळखणे आणि त्या माहितीवर विश्वास ठेवून पावले उचलणे अशी ती साखळी आहे. १८९६ मध्ये तिची शेवटची कडी निखळली, तर २०२१ मध्ये मधली कडी सैल राहिली. वऱ्हाडने दिलेली सूचना अन्य प्रदेशांनी वेळेवर ऐकली असती, तर लाट टळली असती असे म्हणता येणार नाही. परंतु खाटा, प्राणवायू व औषधे यांच्या तयारीला काही आठवडे नक्कीच मिळाले असते. साथीत त्या आठवड्यांचे मोल माणसांच्या प्राणांत मोजावे लागते. म्हणून जिल्हा पातळीवरील प्रयोगशाळा साथ संपल्यावरही कार्यरत ठेवणे अगत्याचे आहे.