‘मिल हँड’ ते कामगार

कापडगिरण्यांची यंत्रे लँकेशायरहून आली, आणि यंत्रांबरोबर तिकडचे शब्दही आले. त्यांपैकीच एक ‘हँड’. हँड म्हणजे हात. परंतु गिरणीच्या इंग्रजीत हँड म्हणजे कामगार. जहाजावरील खलाशांना इंग्रज असे म्हणतच होते. कारखाने वाढले तेव्हा तोच शब्द मजुराला चिकटला. मालकाला हात तेवढे हवे, बाकीचा माणूस त्याला अडचणीचा वाटतो, यावर डिकन्सने १८५४ च्या ‘हार्ड टाइम्स’ या कादंबरीत नेमके बोट ठेवले आहे.

आपल्याकडे हा शब्द कामगारांच्या पहिल्या संघटनेच्या नावातच शिरला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या संघटनेचे नाव ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’. १८८४ मध्ये लोखंडे यांनी तयार केलेल्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, अपघातात जायबंदी झालेल्यास मदत, या त्यातील मागण्या. ज्यांना नुसते हात म्हटले, त्यांनी त्याच हातांनी आपण माणसे आहोत हे लिहून दिले. साप्ताहिक सुटी १८९० मध्ये मिळाली. यंत्राला सुटी लागत नाही. ती माणसालाच लागते.

मराठी भाषा हाताला असे धडापासून तोडत नाही. आपण म्हणतो, ‘त्याचे हातावर पोट आहे.’ हात म्हटला की पोट आलेच, आणि पोटामागे घरची चार तोंडे आली. ‘पाठीवर मारा, पण पोटावर मारू नका’ ही तर जुनी विनवणी. संपाच्या काळात तिचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

तथापि आपली भाषा दयाळू आणि इंग्रजांची तेवढी निर्दय, असा निवाडा करणे खरे नव्हे. समाजाच्या देहाची मुखापासून पायांपर्यंत वाटणी करून श्रमकऱ्याला पायांशी बसविणारी कल्पना आपलीच. ती गिरणीतही आली. धोट्याच्या छिद्रातून सूत ओढण्यासाठी विणकर त्याला तोंड लावून श्वास आत ओढीत असे. इंग्रज कामगार याला धोट्याचे चुंबन म्हणत. मुंबईत याच कारणावरून अस्पृश्य कामगारांना विणकाम खाते बंद होते. आणि तेथेच पगार जास्त होता. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याला चालेना. मालकाच्या हिशेबी सारे हात सारखे, पण कामगारांच्या हिशेबी सारी तोंडे सारखी नव्हती. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला.

त्याच वर्षी मुंबईत गिरणी कामगार युनियन उभी राहिली. नावातला ‘हँड’ जाऊन ‘कामगार’ आला. ‘गार’ हा फारसी प्रत्यय करणाऱ्याचा वाचक. म्हणजे या शब्दात अवयव नाही, कर्ता आहे. आपल्या सोलापुरात १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या चौघांपैकी कुर्बान हुसेन हे कामगारांचे पुढारी आणि ‘गझनफर’ पत्राचे संपादक होते. हातांना डोके असते, हे सरकारला त्यापूर्वीच कळले होते.

आज सोलापूरच्या जुन्या मोठ्या गिरण्या बंद पडल्या आहेत. यंत्रमागावर आणि विड्यांच्या सुपापुढे मात्र हात चालूच आहेत. आता कंत्राटदाराच्या कागदावर ‘हेडकाउंट’ असतो. हात गेले, डोकी आली. पण तीही मोजण्यापुरतीच. आम्ही या कामगारांत वावरतो. ज्याचे नाव हजेरीपटावर नाही, त्याला वीस वर्षे काम करूनही भविष्यनिर्वाह निधीचा किंवा उपदानाचा हक्क शाबीत करताना नाकी नऊ येतात. आकडा पुरावा देत नाही; नाव देते. म्हणून लोखंड्यांच्या अर्जापासून चालत आलेली मागणी आजही तीच आहे: आमचे हात मोजू नका, आमची नावे लिहा.