एकटे मूल, कुत्रा आणि पडदा

एकटे पडलेले मूल आणि त्याला जीव लावणारा कुत्रा ही जोडी भारतीय पडद्यावर उशिरा जमली. मूल आधी आले. त्याच्या सोबतीला बराच काळ देव होता, मग गाय-बैल आले, आणि कुत्रा सगळ्यात मागून आला. कन्नड चित्रपटात हा क्रम विशेष स्पष्ट दिसतो. त्याचे पहिले टोक बंगळुरूत चामराजपेटेच्या शेजारी सापडते आणि तिथून धागा थेट कोल्हापूरला जातो.

चामराजपेट ही बंगळुरूच्या किल्ल्याच्या पश्चिमेला आखून वसवलेली वस्ती. जुन्या पेठेतल्या दाटीला पर्याय म्हणून १८९२ साली तिची आखणी झाली आणि म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वाडियार यांचे नाव तिला मिळाले. सरळ मुख्य रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे आडरस्ते, रस्त्यांना नावांऐवजी क्रमांक आणि प्रत्येक घराला स्वतःचा तुकडा, अशी तिची रचना होती. १८९८ च्या प्लेगनंतर बसवनगुडी आणि मल्लेश्वरम उभे राहिले. चामराजपेट त्यांच्याही आधीची. जुन्या पेठेत घरे एकमेकांना खेटून होती, त्यामुळे पोरे आणि कुत्री दोन्ही गल्लीची असत. नव्या वस्तीत अंगण आले, कुंपण आले, फाटक आले. फाटक आले की कुत्रा आतला की बाहेरचा, हे ठरवावे लागते. पुढे पडद्यावर जी गोष्ट आली, तिची पूर्वअट या फाटकात आहे.

मुलांच्या बाबतीत या वस्तीने एक वेगळी वाट काढली. ‘सरस्वती’ या स्त्रियांच्या मासिकाच्या संपादक आर. कल्याणम्मा यांनी १९३८ मध्ये ‘मक्कळ कूट’ ही मुलांची संस्था सुरू केली. कन्नडमध्ये मक्कळ म्हणजे मुले आणि कूट म्हणजे मेळा. गाणी, नाटके, खेळ यांसाठी आजूबाजूच्या मुलांनी एकत्र जमावे, हा तिचा हेतू. चामराजपेटेत मक्कळ कूट हे आज चौकाचे आणि बागेचेही नाव आहे. त्याच पेठेत १९१५ साली स्थापन झालेल्या कन्नड साहित्य परिषदेचे ठाणे आहे. मूल एकटे राहू नये याची तजवीज करणारी संस्था आणि मूल एकटे असल्याखेरीज सुरूच न होणारी चित्रपटकथा, दोन्हींचा जन्म एकाच दशकातला.

चामराजपेटेच्या पूर्वेला कृष्णराजेंद्र मार्केट. त्या मार्केटजवळच्या दोड्डण्णा हॉलचे पुढे पॅरामाऊंट थिएटर झाले आणि ३ मार्च १९३४ रोजी तिथे ‘सती सुलोचना’ हा पहिला कन्नड बोलपट लागला. निर्माते चमनलाल डुंगाजी, दिग्दर्शक वाय. व्ही. राव, प्रमुख भूमिकांत सुब्बय्या नायडू आणि त्रिपुरांबा. कन्नड मुलखात तेव्हा बोलपटाला लागणारा स्टुडिओ नव्हता, म्हणून सगळी मंडळी कोल्हापूरला आली आणि छत्रपती सिनेटोनमध्ये चित्रण झाले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कन्नड बोलपटाचा मराठीशी संबंध आणखी जवळचा आहे. ‘भक्त ध्रुव’ तयार आधी झाला, पण लागला नंतर. त्याचे दिग्दर्शक होते पार्श्वनाथ आळतेकर, मराठी रंगभूमीवर ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’मुळे गाजलेले.

ध्रुवाची कथा ही एकट्या मुलाचीच कथा. सावत्र आईने बापाच्या मांडीवरून उठवलेला पाच वर्षांचा मुलगा रानात जातो आणि त्याला विष्णू भेटतो. पौराणिक बोलपटांनी हा साचा पुष्कळ वापरला: मूल दुखावले जाते, घर सोडते, तप करते आणि देव प्रकट होऊन त्याला जवळ घेतो. प्रल्हादाचेही तसेच. या साच्यात कुत्र्याला जागा नव्हती, कारण सोबतीची जागा आधीच भरलेली होती.

पाश्चात्त्य पडद्यावर कुत्रा फार आधी आला. १९०५ मध्ये सेसिल हेपवर्थ यांच्या ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’ या काही मिनिटांच्या ब्रिटिश मूकपटात त्यांच्याच घरच्या ब्लेअर नावाच्या कुत्र्याने पळवून नेलेले बाळ शोधून काढले. प्रतींना इतकी मागणी आली की मूळ निगेटिव्ह झिजली आणि चित्रपट पुन्हा चित्रित करावा लागला. १९१८ मध्ये चार्ली चॅप्लिनने ‘अ डॉग्ज लाइफ’मध्ये भटक्या माणसाची आणि भटक्या कुत्र्याची बरोबरी केली. १९४३ च्या ‘लॅसी कम होम’पासून मात्र गोष्ट मुलाकडे वळली: गरिबीमुळे विकली गेलेली कुत्री शेकडो मैल चालून आपल्या मुलाकडे परत येते. लॅसीचे काम पाल नावाच्या नराने केले होते, रड वेदरवॅक्स यांनी शिकवलेल्या. कोली जातीच्या नराची लव दाट राहते आणि कॅमेऱ्यात उठून दिसते, एवढाच त्यामागचा हिशेब. पुढची अनेक दशके हॉलिवूडने हेच सूत्र चालवले. नव्या गावात आलेले किंवा आईविना वाढणारे मूल, त्याला सापडलेला कुत्रा आणि त्या कुत्र्याच्या निमित्ताने उघडणारी शेजाऱ्यांची दारे.

भारतात कुत्रा पडद्यावर ठळकपणे आला तो मित्र म्हणून कमी आणि सूड घेणारा म्हणून जास्त. १९८४ चा कन्नड ‘तालिया भाग्य’ हे त्याचे उदाहरण. नायक शंकर नाग, दिग्दर्शक विजय रेड्डी. पुढच्याच वर्षी रेड्डी यांनी तीच कथा हिंदीत ‘तेरी मेहरबानियाँ’ म्हणून केली. जॅकी श्रॉफचा नायक मारला जातो आणि त्याचा मोती नावाचा कुत्रा मारेकऱ्यांचा बदला घेतो. खलांच्या टोळीत सदाशिव अमरापूरकर होते. या चित्रपटाची थट्टा आजही होते, पण मेलेल्या धन्याशी इमान राखणारा कुत्रा ही कल्पना मराठी मनाला परकी नव्हती. रायगडावरच्या, शिवाजी महाराजांच्या वाघ्या कुत्र्याची गोष्ट त्याच जातीची. तिला समकालीन कागदपत्रांत आधार नाही. राम गणेश गडकऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘राजसंन्यास’ नाटकाने ती लोकांच्या मनात रुजवली आणि १९३६ मध्ये होळकरांच्या मदतीने पुतळाही उभा राहिला. त्या पुतळ्यावरून पुढे वादही झाले. या दोन्ही गोष्टींत कुत्र्याची थोरवी मोठ्या माणसाच्या मरणावर उभी आहे. मुलाला तिथे काम नाही.

शंकर नागांचा मराठीशी संबंध केवळ योगायोगाचा नव्हता. मुंबईत असताना ते मराठी रंगभूमीवर वावरले आणि नचिकेत व जयू पटवर्धन यांच्या ‘२२ जून १८९७’ (१९७९) या चित्रपटाच्या लेखनात त्यांचा हात होता. १९८० च्या दशकात त्यांनी आर. के. नारायण यांच्या कथांवरून दूरदर्शनसाठी ‘मालगुडी डेज’ ही मालिका केली. तिच्यातला स्वामी एकटाही असतो आणि घाबराही, पण त्याला कुत्रा मिळत नाही. त्याला आजी आहे आणि मित्र आहेत. भरल्या घरातल्या मुलाला कुत्र्याची गरज लेखकाला वाटली नसावी. नारायण यांच्या त्याच नावाच्या कथासंग्रहात एक आंधळा भिकारी आणि त्याचा कुत्रा आहेत, पण तिथेही कुत्र्याला दोरीने बांधून राबवून घेतले जाते.

मराठी चित्रपटाने एकट्या मुलाला जनावर दिले ते गोठ्यातले. २००८ मध्ये मंगेश हाडवळे यांच्या ‘टिंग्या’त जुन्नरकडच्या शेतकऱ्याच्या मुलाचा चितंग्या नावाचा बैल जखमी होतो. बाप कर्जात आहे, बैल खाटकाला विकावा लागणार आहे. शेजारच्या रशिदाची आजी मरणाला टेकली आहे. म्हाताऱ्या माणसाला जपायचे, मग बैलाला का नाही, हा टिंग्याचा प्रश्न. ती भूमिका करणाऱ्या शरद गोयेकरला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१८ च्या सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्या ‘नाळ’मध्ये आपण दत्तक आहोत हे चैत्याला कळते आणि त्याच वेळी गोठ्यातल्या म्हशीचे पिल्लू मरते. पेंढा भरलेल्या पिल्लाकडे पाहून पान्हा सोडणारी म्हैस आणि आपली खरी आई शोधणारे पोर यांची सांगड हा त्या चित्रपटाचा सर्वांत धाडसी भाग आहे. कुत्र्याच्या गोष्टीत नसलेली एक अडचण या चित्रपटांना आहे. बैल आणि म्हैस यांना बाजारात किंमत असते. मुलाच्या मायेची गाठ थेट घरच्या पैशाशी पडते. कुत्र्याला विकून कर्ज फिटत नाही. म्हणून कुत्र्याच्या चित्रपटात वैरी बाहेरून आणावा लागतो.

तो वैरी २०११ च्या ‘चिल्लर पार्टी’त मंत्र्याच्या रूपाने आला. विकास बहल आणि नितेश तिवारी यांचा हा हिंदी चित्रपट मुंबईतल्या चंदन नगर नावाच्या वसाहतीत घडतो. गाड्या धुणारा अनाथ फटका आणि त्याचा भिडू नावाचा रस्त्यावरचा कुत्रा यांना वसाहतीतली मुले आधी हुसकावतात, मग आपलेसे करतात. भिडे नावाचा मंत्री भटक्या कुत्र्यांच्या मागे लागल्यावर ती रस्त्यावर उतरतात. चित्रपटाला उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि बालकलाकारांच्या पुरस्कारात त्याच्या सगळ्या बालचमूला वाटा मिळाला. यात एकटे मूल आहे, कुत्रा आहे आणि मेळाही आहे. मक्कळ कूट पडद्यावर उतरले असते तर असेच काही दिसले असते.

कन्नडमध्ये या परंपरेचा कळस १० जून २०२२ रोजी आलेला ‘७७७ चार्ली’. दिग्दर्शक कासरगोडचे किरणराज के., नायक आणि सहनिर्माते रक्षित शेट्टी. कथा म्हैसूरची. लहानपणी अपघातात सगळे घर गमावलेला धर्मा कारखान्यात काम करतो, कोणाशी बोलत नाही, कॉलनीतली मुले त्याला वचकून असतात. त्याच्या आयुष्यात हसू एकच, टीव्हीवरचा चॅप्लिन. बेकायदा पैदास करणाऱ्याच्या तावडीतून निसटलेली लॅब्रेडॉर मादी त्याच्या दारात येते आणि तिला चॅप्लिनचेच नाव मिळते. वयाने नायक मोठा असला तरी आत तो अपघाताच्या दिवशी थांबलेला मुलगाच आहे. म्हणूनच त्याच्याशी पहिली मैत्री करते ती कॉलनीतली छोटी अद्रिका.

चार्लीला कर्करोग झाल्याचे कळल्यावर तिला बर्फ दाखवायला धर्मा हिमालयाकडे निघतो. इथे कथेने महाभारताला हात घातला आहे आणि तो उघडपणे. महाप्रस्थानाला निघालेल्या युधिष्ठिराबरोबर शेवटपर्यंत टिकला तो एक कुत्रा. कुत्र्याला सोडून स्वर्गात येणार नाही असे युधिष्ठिराने इंद्राला सांगितले आणि तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघाला. चित्रपटाने फक्त नाव माणसाला दिले आहे. ‘भक्त ध्रुव’मध्ये एकट्याला भेटायला देव येत असे, अठ्ठ्याऐंशी वर्षांनी तो चार पायांवर आला, एवढाच फरक. या कथेत सुडाला जागाच उरत नाही, आणि ‘तालिया भाग्य’पासूनचे सर्वांत मोठे अंतर तेच.

कुत्र्याला कॅमेऱ्यासमोर आणणे आता नियमांत बांधलेले आहे. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली खेळ करणाऱ्या प्राण्यांच्या नोंदणीचे नियम २००१ मध्ये आले. चित्रपटात प्राणी वापरायचा तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, आणि तिच्याशिवाय सेन्सॉरचे प्रमाणपत्र अडते. शिकवण हातांच्या खुणा, खाऊ आणि असंख्य रीटेक यांवर चालते. कुत्रा थकला की दिवस संपला. चार्लीच्या चित्रणाला वर्षे लागली, मध्ये करोनाही आला.

लॅब्रेडॉरची निवड सोपी होती: स्वभाव गरीब, खाण्याच्या मोबदल्यात काहीही करायची तयारी. कर्नाटकात स्वतःची नावाजलेली जात आहे. मुधोळच्या घोरपडे राजांनी जोपासलेला, मराठीत कारवानी म्हणून ओळखला जाणारा शिकारी कुत्रा. २००५ मध्ये त्याच्यावर टपाल तिकीटही निघाले. पण लांब तोंडाचा, ताठर, परक्याला जवळ न करणारा मुधोळ पडद्यावर रडवू शकत नाही. कुत्र्यांच्या व्यापाराविरुद्ध बोलणाऱ्या चित्रपटाचा चेहरा बाजारातली सर्वांत खपाची जात असावा, ही विसंगती मात्र राहतेच.

कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई चित्रपट पाहताना रडले, ही त्या आठवड्यात बातमी झाली. कर्नाटक सरकारने सहा महिन्यांसाठी राज्याचा वस्तू व सेवा कर माफ केला. कन्नडबरोबर हिंदी, तमिळ, तेलुगू आणि मल्याळममध्ये तो लागला. मराठीत मात्र नाही. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ६९ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला उत्कृष्ट कन्नड चित्रपटाचा मान मिळाला.