नर्व्ह ब्लॉक (जुनाट कंबरदुखीवरील)

नर्व्ह ब्लॉक : तंत्रिका-रोध. मणक्याजवळच्या नेमक्या एका नसेपाशी भुलीचे औषध सोडून तिच्यावाटे मेंदूकडे जाणारी वेदना काही तासांपुरती अडवण्याची प्रक्रिया. औषधात कधी स्टिरॉइड मिसळतात, कधी नाही. बारा आठवड्यांहून अधिक टिकलेल्या कंबरदुखीला जुनाट म्हणतात आणि गोळ्या, शेक, फिजिओथेरपी झाल्यावरही दुखणे हटत नसेल तर हा पर्याय पुढे येतो. बोलीत त्याला ‘मणक्यातले इंजेक्शन’ म्हणतात. हे नाव सैल आहे. त्यात चाचणी म्हणून दिलेला ब्लॉक, उपचार म्हणून दिलेले स्टिरॉइड आणि शस्त्रक्रियेच्या वेळची पाठीतली भूल असे सारेच येते. या प्रक्रियेबद्दलची बरीचशी निराशा आणि जवळपास सगळी भीती या सरमिसळीतून उपजते.

प्रकार : कमरेला पाच मणके असतात. दोन मणके मागच्या बाजूने लहान फॅसेट सांध्यांनी जोडलेले असतात. या सांध्यांची वेदना वाहून नेणाऱ्या बारीक फांद्यांना मीडियल ब्रांच म्हणतात. प्रत्येक सांध्याला अशा दोन फांद्या पोचतात, म्हणून एका बाजूचा एकच सांधा तपासायचा असला तरी सुया दोन लागतात. चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या सांध्यासाठी तिसऱ्या आणि चौथ्या नसेच्या फांद्या बधिर करतात. हे न सांगितल्यामुळे ‘दुखते एका जागी आणि टोचले दुसरीकडे’ अशी तक्रार होते. दुखणे नितंबातून पोटरीपर्यंत उतरत असेल, म्हणजे सायटिका असेल, तर लक्ष्य बदलते. तिथे मणक्यांच्या फटीतून बाहेर पडणाऱ्या नसेच्या मुळाशी किंवा मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या एपिड्यूरल जागेत औषध सोडतात. त्रिकास्थी आणि श्रोणी यांच्यामधल्या सांध्याचा, म्हणजे एसआय जॉइंटचा, ब्लॉक हा आणखी एक प्रकार.

दुखणे नेमके कुठून येते, याचे पूर्ण उत्तर एमआरआयच्या कागदावर नसते. ‘गॅप कमी झाली’, ‘चकती फुगली’ हे शेरे चाळिशीनंतर कधीही कंबर न दुखलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही सर्रास सापडतात. चित्रात दिसणारा बिघाड आणि दुखणारी जागा एकच आहे का, हे ठरवायला ब्लॉकचा उपयोग होतो. ज्या नसेवर संशय आहे तीच बधिर करायची आणि दुखणे थांबते का ते पाहायचे, इतका साधा त्यामागचा तर्क.

इतिहास : १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर याने कोकेनने डोळा बधिर करून दाखवला आणि स्थानिक भुलीचे युग सुरू झाले. १९०१ मध्ये सिकार आणि काथलँ या दोन फ्रेंच डॉक्टरांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, माकडहाडाजवळून एपिड्यूरल जागेत औषध सोडले. सिकारचे रुग्ण सायटिकाचेच होते, म्हणजे चकती सरकून नस दाबली जाते हे मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ मध्ये मांडण्याच्या तीन दशके आधी हे इंजेक्शन दिले जात होते. कंबरेच्या पातळीवरून एपिड्यूरल देण्याची रीत स्पॅनिश लष्करी शल्यविशारद फिदेल पाहेस याने १९२१ मध्ये वर्णिली. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लिडोकेन तयार झाले. दाताच्या दवाखान्यामुळे घरोघरी ओळखीचे झालेले झायलोकेन ते हेच. १९५२ मध्ये इटलीत नसेच्या मुळाशी हायड्रोकॉर्टिसोन देण्यात आले आणि भुलीच्या जोडीला स्टिरॉइड आले. पुढच्याच वर्षी जॉन बोनिका या भूलतज्ज्ञाचा वेदनाव्यवस्थापनावरचा ग्रंथ निघाला. बोनिका एकेकाळी व्यावसायिक कुस्तीगीर होता आणि त्या कुस्त्यांची दुखणी त्याने आयुष्यभर सोसली. भारतात वेदनाविषयक तज्ज्ञांची ‘इंडियन सोसायटी फॉर स्टडी ऑफ पेन’ ही संघटना १९८४ पासून आहे.

खारघर परिसर : नवी मुंबईत सिडकोने वसवलेले खारघर पनवेल तालुक्यात येते आणि २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत आहे. इथल्या नोकरदारांपैकी पुष्कळांना हार्बर मार्गाने मुंबईला जायला तासाहून अधिक लागतो. उरलेले सायन-पनवेल महामार्गावर दुचाकी किंवा गाडी हाकतात. उभे राहून प्रवास, मग दिवसभर बैठे काम आणि पावसाळ्यातले खड्डे, अशा दिनक्रमात आधीच दुखणारी कंबर अधिक बोलू लागते. हाडांच्या शस्त्रक्रिया जिथे होतात तिथे सी-आर्म हे फिरते क्ष-किरण यंत्र असते आणि मणक्यातील ब्लॉक त्याच यंत्राखाली देतात. त्यामुळे ही प्रक्रिया आता मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांपुरती राहिलेली नाही. खारघरशेजारी कामोठे आणि नेरूळ इथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. सी-आर्मला मुंबईच्या अणुशक्तीनगरातील अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता लागते. काही ब्लॉक सोनोग्राफी पाहत देता येतात, पण तिथे वेगळाच कायदा आडवा येतो. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी सक्तीची आहे, मग ते कमरेच्या नसेसाठी का वापरेनात.

खारघरच्या सेक्टर २२ मध्ये टाटा मेमोरियल केंद्राचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे कर्करोग-केंद्र आहे, म्हणून एक भेद इथे नोंदवणे भाग आहे. कर्करोगाच्या वेदनेसाठीच्या काही ब्लॉकमध्ये अल्कोहोलने नसांचे जाळे कायमचे निकामी करतात. ते गणित निराळे आहे. साध्या कंबरदुखीत तसे करत नाहीत. ज्याला पूर्वी कर्करोग होऊन गेला आहे त्याची नवी कंबरदुखी मात्र साधी समजू नये. तिथे ब्लॉकच्या आधी तपासण्या हव्यात.

भीती : ‘सिझरच्या वेळी मणक्यात सुई दिली, तेव्हापासून कंबर गेली’ हे वाक्य मराठी घरांत इतके ऐकू येते की दुसऱ्या पिढीतला रुग्णही त्या धाकानेच टेबलावर चढतो. बाळंतपणातल्या भुलीमुळे कंबर कायमची दुखू लागते, याला अभ्यासांनी दुजोरा दिलेला नाही. गरोदरपणातला ताण, नंतरची उचलाउचल आणि झोपेची आबाळ यांचा हिशेब सुईच्या नावावर मांडला जातो. शिवाय मीडियल ब्रांच ब्लॉकची सुई मज्जारज्जूच्या पोकळीत शिरतच नाही. मणक्याच्या बाजूला हाडाचा जो आडवा फाटा असतो त्याच्या मुळाशी ती टेकते आणि तिथे जेमतेम अर्धा मिलिलिटर औषध सुटते. दुसऱ्या टोकाला भाबडी आशाही असते. उसण भरल्यावर पायाळू माणसाचा पाय कमरेला लावून घेणारी आपली माणसे एका फटक्यात बरे होण्याची अपेक्षा सुईकडूनही ठेवतात. उसण आठवड्याभरात आपोआप उतरते, त्यामुळे पायाळूला यश लाभते. जुनाट दुखणे तसे उतरत नाही.

तयारी आणि प्रक्रिया : रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी आणि किती दिवस थांबवायची हे हृदयविकारतज्ज्ञाला विचारून ठरते. स्टेंट बसवलेल्या माणसाने ती आपल्या मनाने बंद करणे ब्लॉकपेक्षा कितीतरी धोक्याचे. स्टिरॉइड दिल्यास मधुमेहींची साखर काही दिवस चढते. अंगात ताप किंवा टोचण्याच्या जागी गळू असेल, तर प्रक्रिया पुढे ढकलतात. गरोदरपणाची शक्यता असेल तर ती क्ष-किरणांमुळे आधीच सांगायला हवी. चाचणीच्या ब्लॉकच्या दिवशी सकाळी वेदनाशामक गोळी शक्यतो घेऊ नये, कारण दुखणे हजरच नसेल तर ते थांबले की नाही हे कळणार कसे? गुंगीचे औषधही याच कारणाने टाळतात.

रुग्णाला पालथे झोपवून पोटाखाली उशी देतात. पाठ जंतुनाशकाने पुसली की गारठा जाणवतो. त्वचा बधिर करणारी पहिली टोच चरचरते आणि बहुतेकांना तीच सर्वांत जास्त लागते. मग सी-आर्म तिरका करून, पडद्यावर पाहत लांब बारीक सुई सरकवतात. थोडा डाय सोडून ती रक्तवाहिनीत नाही याची खात्री करतात आणि मग औषध देतात. टेबलावरचा वेळ सहसा पंधरा ते तीस मिनिटांचा असतो. नंतर अर्धा-एक तास बसवून ठेवतात. पाय काही तास जड वाटू शकतो, त्यामुळे घरी जाताना सोबत माणूस हवा आणि त्या दिवशी स्कूटर चालवणे नाही.

निकाल : ज्या तासांसाठी हा सगळा खटाटोप केला, ते आता सुरू होतात. बहुतेक जण घरी येऊन झोपून राहतात आणि चाचणी वाया घालवतात. लिडोकेनचा असर एक ते तीन तास, ब्युपिव्हाकेन या दुसऱ्या भुलीच्या औषधाचा त्याहून काही तास जास्त. तेवढ्या वेळात एरवी ज्या हालचालीने कळ येते तीच जपून करून पाहायची असते. वाकावे, जमिनीवर बसून उठावे, जिना चढावा आणि तासातासाला शून्य ते दहा या मापात वेदना लिहून ठेवावी. दुखणे किमान निम्म्याने किंवा, अधिक कडक मापाने, ऐंशी टक्क्यांनी उतरले, तर होकार. कुठली रेघ धरायची यावर तज्ज्ञांत एकमत नाही. रात्री दुखणे परत आले म्हणजे ब्लॉक फसला, हा समज चुकीचा. औषध उतरले की वेदना परतणारच, आणि त्या वेळी परतणे हाही पुराव्याचाच भाग. दुखणे मुळीच न उतरणे हेही उत्तरच आहे, त्या सांध्यावर पुढचा खर्च करू नये असे सांगणारे. एकाच ब्लॉकवर विसंबल्यास खोटा होकार बऱ्याचदा मिळतो, अनेक अभ्यासांत २५ ते ४० टक्क्यांच्या घरात. म्हणून नंतर वेगळ्या दिवशी दुसरे औषध वापरून पडताळा घेण्याची पद्धत आहे. दोन्ही वेळा होकार आला तर रेडिओफ्रीक्वेन्सीने ती फांदी सुमारे ८० अंश सेल्सियसला मिनिट-दीड मिनिट तापवून बंद करतात. नस पुन्हा वाढते, त्यामुळे हा आरामही साधारण सहा महिने ते वर्षभराचा.

हा पुढचा उपचार तरी कितपत चालतो? इथे तज्ज्ञ उघड भांडतात. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ मध्ये साध्या कंबरदुखीसाठी मणक्यातली इंजेक्शने देऊ नयेत असे सांगितले, पण चाचणीचा ब्लॉक यशस्वी ठरलेल्यांसाठी रेडिओफ्रीक्वेन्सीचा आणि तीव्र, ताज्या सायटिकासाठी एपिड्यूरलचा मार्ग खुला ठेवला. २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या ६८१ रुग्णांवरच्या तीन चाचण्यांत व्यायामाला रेडिओफ्रीक्वेन्सीची जोड दिल्याने नुसत्या व्यायामापेक्षा लक्षणीय फायदा दिसला नाही. २०२५ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश नियतकालिकातील मार्गदर्शिकेने जुनाट पाठदुखीसाठी या प्रक्रियांच्या विरोधात ठाम शिफारस केली. कर्करोगाची वेदना त्यातून वगळली होती. वेदनातज्ज्ञांच्या संघटनांनी या अभ्यासांतली रुग्णनिवड ढिली होती असा आक्षेप घेतला. आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचा अर्थ असाही निघतो की काटेकोर निवडीविना दिलेला ब्लॉक निरुपयोगी. ‘एकदा देऊन तर पाहू’ हे कारण पुरेसे नाही.

धोके : टोचल्या जागी दुखणे, घेरी येणे, पायाला तात्पुरता अशक्तपणा हे किरकोळ. एपिड्यूरल देताना आवरणाला भोक पडले तर उठून बसले किंवा उभे राहिले की डोके दुखते आणि ते बहुधा काही दिवसांत थांबते. जंतुसंसर्ग, रक्ताची गाठ, मज्जारज्जूला इजा हे विरळ, पण गंभीर. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एपिड्यूरल स्टिरॉइडबाबत असा इशारा २०१४ मध्ये दिला. त्याआधी २०१२ मध्ये तिथेच बुरशीने दूषित झालेल्या स्टिरॉइडच्या कुप्यांमुळे ७५० हून अधिक लोकांना बाधा झाली आणि ६० हून अधिक मृत्यू झाले. तिथे दोष सुईचा नव्हता, औषध बनवणाऱ्या कारखान्याचा होता. लघवी अडणे, बैठकीचा भाग बधिर होणे, दोन्ही पायांतली ताकद जाणे किंवा ताप येणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. ब्लॉक झालेला असो वा नसो.

संमती आणि कागद : समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निर्णय दिला की तपासणीसाठी दिलेली संमती उपचारासाठी लागू पडत नाही. तो खटला स्त्रीरोगाचा होता, पण चाचणीचा ब्लॉक आणि त्याच टेबलावर उरकलेली रेडिओफ्रीक्वेन्सी यांनाही तो तत्त्वतः लागू होतो. सही करण्यापूर्वी ‘आज चाचणी आहे की उपचार?’ हे विचारून घ्यावे. डेकेअर म्हणून विमा मिळेल की ओपीडीत धरून नाकारला जाईल हेही आधीच लेखी घ्यावे. प्रक्रियेनंतरच्या अहवालात कोणत्या बाजूची, कोणत्या पातळीची नस, कोणते औषध, किती मिलिलिटर आणि स्टिरॉइड होते की नव्हते याची नोंद हवी, सोबत सी-आर्मवरचे चित्र हवे. रुग्णाने हा अहवाल मागून घ्यावा आणि तासातासाची वेदनानोंद त्यालाच जोडून ठेवावी. पुढचा डॉक्टर याच दोन कागदांवरून निर्णय घेतो.