भिंतीच्या आंतील कान

गडाच्या तटावर पहारा कडक असला, कीं आंतील माणसें दारें उघडीं टाकून निजतात. कंपन्यांच्या कचेऱ्यांतून संगणकांचें जें जाळें पसरलेलें असतें, त्याचा इतिहास हा पुष्कळसा अशाच विश्वासाचा इतिहास आहे.

१९७३ सालीं अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत रॉबर्ट मेटकाफ यांनीं ‘ईथरनेट’ नांवाची योजना मांडली व डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्यानें ती सिद्धीस नेली. एकाच तारेला कचेरींतील सर्व यंत्रें जोडावयाचीं. एकानें निरोप सोडला, कीं तो सर्वांपर्यंत पोंचावयाचा. ज्याच्या नांवाचा असेल त्यानें तो घ्यावा, इतरांनीं सोडून द्यावा. चावडीवर मोठ्यानें वाचलेल्या पत्रासारखाच हा प्रकार होता. इतरांनीं कान मिटावे हा शिष्टाचार होता खरा. पण निरोपाला कुलूप असें नव्हतें.

हा धोका जाणत्यांच्या ध्यानांत आला नव्हता असें नाहीं. त्याच संशोधनशाळेंतून १९७८ सालीं रॉजर नीडहॅम व मायकेल श्रोडर यांचा निबंध बाहेर पडला. तारेवरील निरोप परका मनुष्य वाचूं शकेल, बदलूंहि शकेल, असें गृहीत धरून गुप्त लिपीच्या साहाय्यानें दोन यंत्रांनीं परस्परांची ओळख कशी पटवावी, हें त्यांनीं दाखविलें. औषध हातीं आलें होतें. परंतु रोग अंगावर येईपर्यंत तें घेण्याची निकड थोड्यांनाच वाटली.

त्या काळीं दूरच्या यंत्रावर काम करणारा मनुष्य बहुधा ‘टेलनेट’ वापरी, आणि त्याचा परवलीचा शब्द तारेवरून उघडाच जाई. १९९५ च्या आरंभीं फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यांत कोणीं तरी असे शब्द टिपून घेण्याची गुप्त व्यवस्था केल्याचें उघडकीस आलें. तेथील संशोधक तातू युलोनेन यांनीं तेव्हां सगळें संभाषण गुप्त लिपींत नेणारी ‘एसएसएच’ ही आज्ञावली रचली व जुलैंत ती लोकांस मोफत दिली. वर्षअखेर सुमारें ५० देशांतील २०,००० लोक ती वापरूं लागले होते.

तरीहि घरांतल्या घरांत भय कसलें, ही समजूत मोठमोठ्या कंपन्यांतून टिकून राहिली. गूगल व याहू यांच्या स्वतःच्याच माहितीकोठारांना जोडणाऱ्या तारांवर अमेरिकन व ब्रिटिश हेरखातीं कान लावून बसलीं आहेत, असें वृत्त १९१३ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०१३ च्या ऑक्टोबरांत, ‘वॉशिंग्टन पोस्ट’नें दिलें. गूगलनें आंतील वाहतूक गुप्त करण्याचें काम आधींच हातीं घेतलें होतें. याहूनें तें मार्च १९१४ च्या शतकानंतर, २०१४ च्या मार्चअखेर, पुरें केलें.

निरोपाला कुलूप घालणें म्हणजे सोबत्यांवर अविश्वास दाखविणें, असें कित्येकांस वाटतें. परंतु जेथें निरोप उघडे फिरतात, तेथें एक गुपित फुटतांच कचेरींतील प्रत्येकाकडे संशयानें पाहण्याची पाळी येते. कुलुपानें धन्याचें धन जितकें राखलें जातें, तितकीच निरपराध नोकराची अब्रूहि राखली जाते.