इंडियन ओपन (गोल्फ)

इंडियन ओपन ही भारताची राष्ट्रीय खुली गोल्फ स्पर्धा आहे. पुरुष व्यावसायिक गोल्फपटूंसाठी असलेली ही स्पर्धा १९६४ साली सुरू झाली. भारतीय गोल्फ संघ तिचे आयोजन करतो. प्रायोजकाच्या नावावरून ती सध्या 'हीरो इंडियन ओपन' म्हणून ओळखली जाते. १९७० पासून ती आशियाई सर्किटचा भाग होती आणि २०१५ पासून युरोपीय टूरच्या कार्यक्रमात तिचा समावेश झाला. ऑस्ट्रेलियाचे पीटर थॉमसन आणि भारताचे ज्योती रंधावा यांनी ही स्पर्धा प्रत्येकी तीन वेळा जिंकली असून हा विक्रम आहे.

ब्रिटिशकालीन क्लबांच्या हिरवळीवर सुरू झालेल्या या स्पर्धेच्या विजेत्यांत लष्करी अधिकाऱ्यांची मुले आहेत, तशीच खेळाडूंच्या पिशव्या वाहणारे कॅडी आणि मैदानावरील कर्मचाऱ्याचा मुलगाही आहे. त्यामुळे भारतात गोल्फ कोणाच्या हाती होता आणि तो कोणापर्यंत पोहोचला, हे या स्पर्धेच्या इतिहासातून दिसते.

## नाव आणि स्वरूप

गोल्फमध्ये 'ओपन' म्हणजे खुली स्पर्धा. तीत व्यावसायिक आणि हौशी अशा दोन्ही खेळाडूंना पात्रतेनुसार भाग घेता येतो. प्रत्यक्षात बहुतेक स्पर्धक व्यावसायिक असतात. त्यांना प्रवेश संबंधित टूरमधील क्रमवारी, पूर्वीची विजेतेपदे किंवा आयोजकांचे निमंत्रण यांद्वारे मिळतो.

स्पर्धा चार दिवस चालते. प्रत्येक खेळाडू दररोज १८ होल, म्हणजे चार दिवसांत एकूण ७२ होल खेळतो. चेंडू टी या आरंभस्थानापासून होलमध्ये जाईपर्यंत जितके फटके मारले जातात, त्यांची बेरीज केली जाते आणि ज्याचे एकूण फटके सर्वांत कमी तो विजेता ठरतो. या पद्धतीला स्ट्रोक प्ले म्हणतात. पहिल्या दोन दिवसांनंतर 'कट' लावला जातो. त्यात वरच्या क्रमांकावर असलेले खेळाडूच पुढे खेळतात, उरलेले बाद होतात व त्यांना बक्षिसाच्या रकमेत वाटा मिळत नाही.

प्रत्येक होलसाठी कुशल खेळाडूला अपेक्षित असलेल्या फटक्यांच्या संख्येला 'पार' म्हणतात. मैदानाचा पार ७२ असेल तर चार दिवसांचा पार २८८ होतो. एखाद्याने २७८ फटक्यांत खेळ पूर्ण केला, तर त्याची धावसंख्या '१० अंडर पार' अशी सांगितली जाते. एका होलवर पारपेक्षा एक फटका कमी लागल्यास 'बर्डी' आणि एक जास्त लागल्यास 'बोगी' म्हणतात. चार दिवसांनंतर बरोबरी झाल्यास 'प्ले-ऑफ' घेतला जातो. त्यात बरोबरीतील खेळाडू एकेक होल खेळतात आणि ज्या होलवर एखादा मागे पडतो तेथे तो बाद होतो.

## इतिहास

### पार्श्वभूमी

ब्रिटिश अधिकारी आणि व्यापारी यांच्यामार्फत गोल्फ भारतात आला. १८२९ साली स्थापन झालेला रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब मानला जातो. १८४२ मध्ये मुंबईत रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब स्थापन झाला. स्वातंत्र्यानंतर १९५५ साली भारतीय गोल्फ संघाची स्थापना झाली. त्या काळी देशातील महत्त्वाच्या स्पर्धा हौशी खेळाडूंच्या होत्या आणि खेळ क्लबांच्या सभासदांपुरता मर्यादित होता. व्यावसायिक खेळाडू म्हणजे प्रामुख्याने क्लबमध्ये सभासदांना खेळ शिकविणारे नोकर, अशी समजूत रूढ होती.

### आरंभ

इंडियन ओपनच्या स्थापनेत पीटर थॉमसन यांचा वाटा मोठा होता. ब्रिटिश ओपन ही जगातील सर्वांत जुनी मोठी स्पर्धा त्यांनी पाच वेळा जिंकली. आशियात व्यावसायिक गोल्फ रुजावा यासाठी त्यांनी प्रयत्न केले. १९६४ साली दिल्ली गोल्फ क्लबच्या मैदानावर पहिली इंडियन ओपन झाली आणि थॉमसन हेच तिचे विजेते ठरले. पुढे १९६६ आणि १९७६ सालीही त्यांनी ही स्पर्धा जिंकली. दिल्लीतील या मैदानाची पुनर्रचनाही १९७० च्या दशकात त्यांच्याच आराखड्यानुसार झाली.

दुसऱ्याच वर्षी, १९६५ साली, कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता मैदानावर पी. जी. ऊर्फ बिल्लू सेठी यांनी विजेतेपद मिळविले. ते हौशी खेळाडू होते. इंडियन ओपन जिंकणारे ते पहिले भारतीय आणि आजवरचे एकमेव हौशी विजेते आहेत. त्या काळच्या नियमांनुसार हौशी खेळाडूला रोख बक्षीस स्वीकारता येत नसे. १९६१ साली अर्जुन पुरस्कारांचा आरंभ झाला, तेव्हा गोल्फसाठीचा पहिला पुरस्कार सेठी यांना मिळाला होता.

### परदेशी विजेत्यांचा काळ

१९७० मध्ये स्पर्धा आशिया गोल्फ सर्किटमध्ये आली. त्यामुळे जपान, तैवान, फिलिपिन्स, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका येथील खेळाडू नियमितपणे येऊ लागले. जपानचे केंजी होसोइशी (१९६७ व १९६८), ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहॅम मार्श (१९७१ व १९७३) आणि ब्रायन जोन्स (१९७२ व १९७७) यांनी प्रत्येकी दोनदा विजेतेपद मिळविले. १९८१ चे विजेते अमेरिकेचे पेन स्ट्युअर्ट त्या वेळी फारसे परिचित नव्हते. पुढे त्यांनी १९८९ ची पीजीए चॅम्पियनशिप आणि १९९१ व १९९९ ची यूएस ओपन जिंकली. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले.

सेठींच्या विजयानंतर सलग २५ वर्षे एकही भारतीय खेळाडू ही स्पर्धा जिंकू शकला नाही.

### अली शेर आणि भारतीय व्यावसायिकांचा उदय

१९९१ साली दिल्ली गोल्फ क्लबच्या मैदानावर अली शेर यांनी विजेतेपद मिळविले. ते इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू होत. ज्या मैदानावर ते जिंकले, त्याच मैदानावर त्यांनी कॅडी म्हणून काम केले होते. त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. १९९३ मध्ये त्यांनी पुन्हा स्पर्धा जिंकली आणि पहिला विजय हा केवळ योगायोग नव्हता हे सिद्ध केले.

१९९८ मध्ये स्पर्धा आशियाई पीजीए टूरमध्ये गेली. त्या वर्षी फिरोज अली, १९९९ मध्ये अर्जुन अटवाल आणि २००० मध्ये ज्योती रंधावा असे सलग तीन भारतीय विजेते झाले. २००२ मध्ये लखनौचे विजय कुमार विजेते ठरले. रंधावा यांनी २००६ आणि २००७ अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकून थॉमसन यांच्या तीन विजेतेपदांची बरोबरी केली. अटवाल यांनी पुढे २०१० साली अमेरिकेतील विंडम चॅम्पियनशिप जिंकली व पीजीए टूरवरील स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय ठरले.

२००९ मध्ये बंगळूरचे सी. मुनियप्पा यांनी प्ले-ऑफमध्ये विजय मिळविला. २०१३ साली बांगलादेशाचे सिद्दिकुर रहमान विजेते झाले. त्यांचाही खेळाशी पहिला संबंध ढाक्यातील मैदानावर चेंडू वेचण्याच्या कामातून आला होता.

### युरोपीय टूरमध्ये समावेश

२०१४ मध्ये स्पर्धा झाली नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत ती प्रथमच आशियाई आणि युरोपीय अशा दोन्ही टूरच्या मान्यतेने खेळविली गेली. त्या वर्षी दिल्लीत अनिर्बन लाहिरी यांनी एस. एस. पी. चौरसिया यांना प्ले-ऑफमध्ये हरविले. अनेकदा उपविजेते राहिलेल्या चौरसियांनी २०१६ मध्ये दिल्लीतच विजेतेपद मिळविले आणि लाहिरी संयुक्त दुसरे आले. २०१७ मध्ये स्पर्धा गुरुग्रामच्या मैदानावर गेली. तेथे चौरसियांनी सात फटक्यांच्या आघाडीने जिंकून विजेतेपद राखले.

त्यानंतर इंग्लंडचे मॅट वॉलेस (२०१८) आणि स्कॉटलंडचे स्टीफन गॅलाकर (२०१९) हे विजेते झाले. कोविड-१९ च्या साथीमुळे २०२० ते २०२२ या तीन वर्षांत स्पर्धा होऊ शकली नाही. २०२३ मध्ये जर्मनीचे मार्सेल झीम, २०२४ मध्ये जपानचे केइता नाकाजिमा आणि २०२५ मध्ये स्पेनचे युजेनिओ चाकारा यांनी विजेतेपद मिळविले. २०१७ नंतर २०२५ पर्यंत झालेल्या पाच स्पर्धांत एकही भारतीय विजेता झालेला नाही.

## भारतीय विजेते

१९६४ ते २०२५ या काळात नऊ भारतीय खेळाडूंनी एकूण तेरा वेळा ही स्पर्धा जिंकली.

- १९६५ – पी. जी. सेठी (हौशी)
- १९९१, १९९३ – अली शेर
- १९९८ – फिरोज अली
- १९९९ – अर्जुन अटवाल
- २०००, २००६, २००७ – ज्योती रंधावा
- २००२ – विजय कुमार
- २००९ – सी. मुनियप्पा
- २०१५ – अनिर्बन लाहिरी
- २०१६, २०१७ – एस. एस. पी. चौरसिया

## कॅडी ते विजेता

कॅडी हा खेळाडूची पिशवी वाहणारा, दंड निवडून देणारा आणि मैदानाच्या चढउतारांविषयी सल्ला देणारा मदतनीस असतो. भारतीय क्लबांत हे काम बहुधा आसपासच्या वस्त्यांतील मुले व तरुण करीत आले आहेत. क्लबचे सभासदत्व, साहित्य आणि शिकवणी यांचा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. मात्र रोज मैदानावर वावरल्यामुळे त्यांना हिरवळीचा उतार, वाऱ्याची दिशा आणि चांगल्या खेळाडूंच्या फटक्यांची पद्धत यांचे ज्ञान आपोआप मिळे. जुने, टाकून दिलेले दंड घेऊन आणि क्लबच्या सुटीच्या दिवशी खेळून अनेकांनी हा खेळ आत्मसात केला.

हौशी गोल्फमध्ये बक्षिसाची रक्कम नसल्याने या मुलांना तो परवडण्यासारखा नव्हता. व्यावसायिक स्पर्धांनी मात्र त्यांना सभासदत्वाशिवाय खेळण्याचा आणि त्यावर उपजीविका करण्याचा मार्ग दिला. अली शेर आणि मुनियप्पा यांचे विजय याच वाटेने आले. चौरसिया यांचे वडील रॉयल कलकत्ता क्लबमध्ये हिरवळीची निगा राखण्याचे काम करीत आणि चौरसिया यांचे बालपण त्याच परिसरात गेले. कोणत्याही औपचारिक प्रशिक्षणाविना त्यांनी खेळ शिकला. चेंडू हिरवळीजवळून होलपर्यंत नेण्याच्या कौशल्यामुळे सहकारी त्यांना विनोदाने 'चिपुट्शिया' म्हणत. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये लाहिरी यांच्यासह त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले.

दुसरी वाट लष्कराची आहे. छावण्यांतील मैदानांमुळे अधिकाऱ्यांच्या मुलांना लहानपणीच गोल्फ खेळता आला. रंधावा आणि लाहिरी हे दोघेही लष्करी अधिकाऱ्यांचे पुत्र होत. ज्याला मैदानात जाण्याची मुभा मिळाली, मग ती सेवक म्हणून असो वा अधिकाऱ्याचे अपत्य म्हणून, तोच पुढे खेळाडू होऊ शकला, हे भारतीय विजेत्यांच्या यादीतून दिसते. सर्वसामान्यांसाठी खुली, माफक शुल्काची मैदाने देशात आजही थोडी आहेत.

## मैदाने

आरंभीची अनेक वर्षे स्पर्धा प्रामुख्याने दिल्ली आणि कोलकाता येथे होत असे. दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी मैदानाचे मार्ग अरुंद असून दोन्ही बाजूंना दाट झुडपे आहेत. त्यामुळे तेथे लांब फटक्यापेक्षा सरळ फटक्याला महत्त्व येते. मैदानाच्या परिसरात मुघलकालीन थडगी असून मोरांचा वावर असतो. चौरसियांसारख्या अचूक पण तुलनेने कमी अंतर गाठणाऱ्या खेळाडूला हे मैदान मानवले.

२००९ ची स्पर्धा गुरुग्रामच्या डीएलएफ मैदानावर आणि २०१२ ची बंगळूरच्या कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या मैदानावर झाली. दक्षिण आफ्रिकेचे विख्यात खेळाडू गॅरी प्लेअर यांच्या आराखड्यानुसार डीएलएफचे नवे मैदान तयार झाल्यावर २०१७ पासून स्पर्धा तेथेच होऊ लागली. तीव्र उतारांची हिरवळ आणि खोल वाळूचे खड्डे यांमुळे ते कठीण मैदान समजले जाते.

## प्रायोजक आणि बक्षिसे

१९९० च्या दशकात सिगारेट व्यवसायातील विल्स हे नाव स्पर्धेशी जोडलेले होते. २००५ मध्ये हीरो होंडा या दुचाकी उत्पादक कंपनीने मुख्य प्रायोजकत्व स्वीकारले आणि कंपनीच्या नामबदलानंतर स्पर्धेचे नाव हीरो इंडियन ओपन झाले. २०२५ मध्ये बक्षिसाची एकूण रक्कम २२.५ लाख अमेरिकी डॉलर होती. युरोपीय टूरच्या पद्धतीप्रमाणे या रकमेचा सुमारे १७ टक्के भाग विजेत्याला मिळतो आणि उरलेली रक्कम कट पार करणाऱ्या खेळाडूंत क्रमाने उतरत्या प्रमाणात वाटली जाते.

## महाराष्ट्राशी संबंध

२०१५ चे विजेते अनिर्बन लाहिरी यांचा जन्म २९ जून १९८७ रोजी पुण्यात झाला. इंडियन ओपन जिंकल्यानंतर काही महिन्यांनी अमेरिकेतील पीजीए चॅम्पियनशिपमध्ये ते संयुक्त पाचव्या स्थानी राहिले. पुरुष गोल्फच्या चार प्रमुख स्पर्धांपैकी एकीत भारतीयाने इतके वरचे स्थान मिळविण्याची ती पहिलीच वेळ होती. पुण्याचे उदयन माने हे भारतीय व्यावसायिक टूरवर अनेक स्पर्धा जिंकणारे गोल्फपटू आहेत. अर्जेंटिनाच्या खेळाडूने माघार घेतल्याने त्यांना टोकियो ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले आणि तेथे ते ५६ वे आले. त्याच स्पर्धेत लाहिरी ४२ वे होते.

राज्यात मुंबईतील चेंबूरचे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे मैदान १९२७ पासूनचे आहे. पुण्यातील पूना क्लबच्या मैदानावर भारतीय व्यावसायिक टूरच्या स्पर्धा होतात. नाशिकमधील हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान पूर्वी गोल्फ क्लब मैदान म्हणून ओळखले जाई. आज तेथे क्रिकेटचे सामने होतात, तरी बोलण्यात जुने नाव टिकून आहे.

## महिलांची स्पर्धा

महिलांसाठीची विमेन्स इंडियन ओपन ही स्वतंत्र स्पर्धा २००७ पासून होते. २०१६ मध्ये बंगळूरच्या अदिती अशोक यांनी ती जिंकली.

## हेही पहा

- अनिर्बन लाहिरी
- भारतीय गोल्फ संघ
- दिल्ली गोल्फ क्लब
- ब्रिटिश ओपन
- पीजीए चॅम्पियनशिप