नजरेची आणेवारी आणि वऱ्हाडचा कापूस : एका संख्याशास्त्रीय संस्थेची पूर्वपीठिका

परतवाडा हे मुळात छावणीचे गाव. हैदराबाद कंटिंजंटची फौज येथे होती, आणि शेजारचे एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, १९०५ पर्यंत स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण होते. पुढे जिल्हा अमरावतीत विलीन झाला, आणि १९१३ साली एलिचपूर ते मूर्तिजापूर ही नॅरोगेज लोहमार्गाची वाट सुरू झाली. पुढे 'शकुंतला' या लाडक्या नावाने ओळखली गेलेली हीच ती गाडी. ती मुख्यतः कापसासाठी होती.

या गाडीतच आकडेशास्त्राचे एक कोडे दडले होते. कापूस पिके अमरावती जिल्ह्यात आणि मुख्य मार्गाला लागे अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापुरात. मग कोणत्या जिल्ह्यात किती कापूस पिकला, हे सांगायचे कशावरून?

सरकारी उत्तर सोपे होते. पेरणीचे क्षेत्र, एकरी 'सर्वसाधारण' उत्पन्न आणि यंदाच्या पिकाची आणेवारी या तिघांचा गुणाकार करायचा. पीक सोळा आणे म्हणजे भरपूर, आठ आणे म्हणजे निम्मे. ही आणेवारी बांधावर उभे राहून नजरेने ठरे. गावाचा आकडा पटवाऱ्याकडून तहसीलदाराकडे, तेथून जिल्ह्याला आणि शेवटी नागपूरला जाई. शेतसाऱ्याची सूट याच आकड्यावर अवलंबून असल्याने गावचा माणूस आणे चढवून सांगण्याची शक्यता कमीच होती. त्याला दोष देण्यातही अर्थ नाही. त्याच्या हाती तराजू दिलाच नव्हता.

गव्हाच्या किंवा ज्वारीच्या बाबतीत ही चूक सहसा झाकून जाई, कारण धान्याचा मोठा भाग घरातच खाल्ला जातो. कापसाचे तसे नव्हते. तो जिनिंगमध्ये जातो, दाबला जातो, त्याच्या गाठी होतात. १९२५ च्या कायद्याने जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांवर दाबलेल्या गाठींचा हिशेब देण्याचे बंधन आले. आता अंदाज आणि गाठी समोरासमोर ठेवता येऊ लागल्या, आणि दोहोंचा मेळ बसेना. मात्र गाठींचा हिशेब प्रांताची बेरीज देई. गाठ कोणत्या तहसिलीच्या कापसाची, हे ती सांगत नसे. त्यासाठी शेतातच जावे लागणार होते.

१९४२-४३ च्या हंगामात अकोला जिल्ह्यात नेमके तेच झाले. इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीच्या पाठबळाने डॉ. व्ही. जी. पानसे यांनी तेथे कापसाच्या उत्पन्नाची यादृच्छिक नमुना पाहणी केली. पानसे इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत कापसाच्या पैदाशीवर काम करणारे शास्त्रज्ञ. पद्धतीचा गाभा असा : गावे चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायची, गावातील शेते तशीच, आणि शेतातील तुकडाही तसाच. चांगले शेत दाखवण्याचा पाटलाचा उत्साह किंवा वाईट दाखवण्याचा शेतकऱ्याचा हेतू, दोन्हींना निवडीत जागा उरत नाही.

कापसाने आपली अडचण वेगळी उभी केली. भात एकदा कापला की काम संपते. कापसाची वेचणी मात्र अनेकदा होते. आखलेला तुकडा आठवडेच्या आठवडे खुणांसह जपायचा आणि प्रत्येक वेचणीचे वजन स्वतंत्र नोंदवायचे. एखादी वेचणी नोंदीतून निसटली तर सारा प्रयोग वाया. हे काम महसूल आणि कृषी खात्याच्या नेहमीच्या माणसांकडून करून घेता येते, असे पानसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे म्हणणे होते. पुढे ही पाहणी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या व्यापक कापूसपट्ट्यात नेली गेली.

येथे दुसरे मराठी नाव येते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातील बुध गाव. लंडनहून डॉक्टरेट घेऊन आलेले सुखात्मे १९४० पासून दिल्लीत कृषी संशोधन परिषदेच्या संख्याशास्त्र शाखेत होते. अन्नधान्यासाठी तशाच पाहण्या त्यांनी उभ्या केल्या. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने पिकाचा खरा आकडा माहीत नसण्याची किंमत दाखवून दिलेलीच होती.

कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांची परंपरा आधीपासून भक्कम होती. त्यांची संस्था १९३१ मधली, 'सांख्य' हे नियतकालिक १९३३ मधले. तागाच्या मोठ्या पाहण्या त्यांनीच केल्या. त्यांचा भर स्वतंत्र प्रशिक्षित पथकांवर आणि लहान तुकड्यांवर होता. सुखात्मे यांनी १९४६ साली 'नेचर'मध्ये त्यावर आक्षेप घेतला : तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्रफळाच्या मानाने त्याची कड मोठी, कडेवरची झाडे नकळत आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगते. वाद कडवट झाला. त्यात व्यक्तिगत स्पर्धा नव्हतीच असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु मुद्दा खरा होता : देशाच्या धान्याचा आकडा कोणाच्या हातांनी मोजायचा, खात्याच्या की स्वतंत्र पथकाच्या?

अशा वादाला खात्याची फाइल पुरत नाही. वरिष्ठाने शेरा मारला की फाइल मिटते. कृषी खात्यांत विखुरलेले संख्याशास्त्रज्ञ एकटे होते. त्यांचे काम तपासणारा समव्यवसायी बहुधा शेजारच्या खोलीत नसे. जानेवारी १९४७ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन सोसायटी ऑफ ॲग्रिकल्चरल स्टॅटिस्टिक्सने हीच उणीव भरून काढली. अंतरिम सरकारातील अन्न व कृषिमंत्री डॉ. राजेंद्रप्रसाद संस्थापक अध्यक्ष झाले, सुखात्मे चिटणीस. राजेंद्रप्रसादांनी राष्ट्रपती झाल्यावरही हे अध्यक्षपद सोडले नाही. ते १९६३ पर्यंत त्यांच्याकडेच राहिले. मंत्र्याला अध्यक्ष करण्यात व्यवहार होता, यात शंका नाही. पण संस्था चालते ती चिटणिसाच्या टपालावर, वर्गणीच्या तगाद्यावर आणि वेळेवर निघणाऱ्या अंकावर. १९४८ मध्ये तिचे नियतकालिक निघाले आणि पहिल्याच खंडात पानसे-सुखात्मे यांचा भारतातील पीक-पाहण्यांवरील लेख आला. वार्षिक परिषदा भरू लागल्या. नियतकालिकात शोधनिबंधांचे हिंदी सारांशही येत असत, ही गोष्ट त्या काळच्या विज्ञान-नियतकालिकांत विरळाच.

१९५१ मध्ये सुखात्मे जागतिक अन्न व कृषी संघटनेत गेले आणि परिषदेतील त्यांची जागा पानसे यांनी घेतली. १९५४ साली दोघांचे कृषी कार्यकर्त्यांसाठीचे संख्याशास्त्रावरील पुस्तक निघाले. कृषी महाविद्यालयांच्या अनेक पिढ्या त्यावर शिकल्या.

महालनोबिसांच्या बाजूने वाद मिटला नाही. १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीचे धान्याचे आकडे आणि खात्याचे आकडे पुढेही अनेक वर्षे जुळले नाहीत.

अचलपूर तालुक्यात आज पैसेवारी पन्नास पैशांच्या आत की बाहेर, यावर दुष्काळी सवलती ठरतात, आणि विम्याच्या दाव्यासाठी महसूल मंडळात पीक कापणी प्रयोग होतो. सर्व्हे नंबर यादृच्छिक अंकांनी निघतो, शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून पावले मोजली जातात, दोरी ताणली जाते. तुकड्यावरच्या पहिल्या वेचणीचे वजन लिहिले जाते आणि दुसरीची वाट पाहत खुंट्या तशाच उभ्या राहतात.