जंगलातली ठेव, चिखलातली ठेव

शंभर किलो वाळलेलं लाकूड चुलीत जाळलं की किती कर्बवायू होतो, ठाऊक आहे? सुमारे 180 किलो! कारण लाकडात निम्मा कर्ब, म्हणजे कार्बन, असतो आणि जळताना त्यात हवेतल्या प्राणवायूचं वजन मिळतं. हा कर्ब झाडानं वर्षानुवर्षं हवेतून घेऊन साठवलेला असतो. ती एक ठेवच. आपल्या वसईनं ही ठेव कशी खर्चली, ते आज पाहू या.

1534 मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली. वसई-आगाशीला जहाजं बांधली जात, त्यासाठी सागवान तोडलं जाई. पण जहाजातलं लाकूड बरीच वर्षं टिकतं, तोवर त्यातला कर्बही टिकतो. मागे जंगल पुन्हा वाढू दिलं, तर ठेव भरून निघते.

1867 मध्ये विरारहून मुंबईला गाडी सुरू झाली. रेल्वेला स्लीपर हवे होते, वाढत्या मुंबईला सरपण आणि कोळसा. जळाऊ लाकडातला कर्ब मात्र त्याच दिवशी हवेत जातो. सरकारनं बोट ठेवलं ते राबावर. आपले वारली-कोळी शेतकरी फांद्या छाटून भाताच्या रोपांसाठी राब भाजत. त्यातूनही कर्ब सुटे, पण खोड उभं राही, पुन्हा पालवी फुटे. 1878 च्या वनकायद्यानंतर तक्रारी इतक्या वाढल्या की 1885 मध्ये सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला.

किनारपट्टीला आपल्या वाड्या होत्या. केळी, पानवेल, नारळ. जंगलाइतका कर्ब तिथे नव्हता, पण शेणखत आणि पालापाचोळ्यानं माती भरलेली होती. 1980 च्या दशकाअखेर इमारती झपाट्यानं वाढू लागल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती लढली. आपल्यातल्या कित्येकी त्या मोर्च्यांत चालल्या. खरं सांगायचं, तर आपल्यातल्याच काही घरांनी वाड्या विकल्याही. मुलीचं लग्न, मुलाचं शिक्षण, खारं झालेलं विहिरीचं पाणी. कारणं आपण जाणतो.

खाडीकाठची तिवरं तर आपण कुचकामी समजत होतो. पण त्यांची मोठी ठेव लाकडात नसते, मुळांखालच्या चिखलात असते. त्या चिखलात प्राणवायू पोचत नाही, म्हणून पानं-मुळं नीट कुजत नाहीत आणि कर्ब शेकडो वर्षं तसाच राहतो. तो चिखल उपसला, कोरडा पडला, की कर्ब सुटू लागतो. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं राज्यात तिवरं तोडायला बंदी केली. त्याआधी 2003 मध्ये तुंगारेश्वर अभयारण्य झालं. उरलेली मोठी ठेव या दोन ठिकाणी आहे.

पावसाळ्यात आपण रोपं लावतो, फोटो काढतो. जरूर लावू या. पण जुन्या झाडाची जागा भरायला त्या रोपाला आपल्या नातवंडांचं वय गाठावं लागेल, आणि चिखलातली ठेव तर रोपानं परत येतच नाही. म्हणून खाडीवर भरावाचा डंपर दिसला, तर गप्प बसायचं नाही. चौघी मिळून जायचं, तक्रार लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. मोडलेली ठेव पुन्हा जमवायला किती वर्षं लागतात, हे आपल्याइतकं कोणाला कळतं?